पाटे वाढवले की क्षमता वाढते?

कांद्याच्या किंवा टोमॅटोच्या हंगामात लासलगाव, पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगावच्या बाजार आवारात उभ्या असलेल्या पिकअप गाड्यांची रांग नीट पाहावी. काही गाड्या मागून खाली बसलेल्या दिसतात. त्यांचे तोंड वर आणि शेपूट जमिनीकडे असते. त्याच रांगेत तेवढाच माल भरलेली एखादी गाडी मात्र अगदी सपाट उभी असते. चालकाला विचारले तर उत्तर ठरलेले असते: "पाटे वाढवून घेतलेत."

गाडी सपाट दिसू लागली म्हणजे ती अधिक वजन वाहू शकते, असा समज सर्वत्र आढळतो. त्यापोटी कोणी मागे जादा पाटे टाकतो, कोणी एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा बसवतो, तर कोणी लांब शॅकल लावतो. यांतून नेमके काय वाढते? उंची, कडकपणा की वजन पेलण्याची क्षमता? या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यांतला फरक नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या आधारे समजू शकतो आणि तो समजला नाही तर जीवावर बेतू शकते.

पाट्यांची रचना

पिकअपच्या मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची एकेक चळत असते. सर्वांत लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीला पक्का जोडलेला असतो आणि मागचा डोळा शॅकल नावाच्या हलत्या कडीने टांगलेला असतो. वजन आले की पाट्याची कमान सपाट होते, म्हणजे तिच्या दोन टोकांमधले अंतर वाढते. त्याला वाव मिळावा म्हणून ही हलती कडी. चळतीच्या मधोमध एक्सल यू-बोल्टांनी आवळलेला असतो.

जाड पोलादाचा एकच तुकडा न वापरता पातळ पट्ट्यांची चळत का वापरतात? मुलांना दोनशे पानी वही वाकवायला सांगा आणि मग तेवढ्याच जाडीची लाकडी फळी वाकवायला सांगा. वहीची पाने एकमेकांवरून सरकतात, म्हणून वही वाकते. गणिताने सांगायचे तर पट्टीचा कडकपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पाच सुट्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या तर कडकपणा पाचपट होतो. त्याच पाच पट्ट्या वितळवून एकसंध केल्या तर तो ५ × ५ × ५ म्हणजे १२५ पट होतो. शिवाय जाड पट्टी थोडी वाकवली तरी तिच्या पृष्ठभागावर मोठे प्रतिबल येते, कारण सारख्याच वाकासाठी प्रतिबल जाडीच्या प्रमाणात असते. चळत मात्र भरपूर वाकूनही तुटत नाही. वाकवणारे आघूर्ण मध्यभागी सर्वांत जास्त आणि टोकांना शून्य असते, म्हणून मध्यावर पाटे जास्त आणि टोकांकडे कमी अशी उतरती रचना केलेली असते.

पाटा हाही एक काटाच

रॉबर्ट हूकने १६७८ साली स्प्रिंगविषयीचा आपला नियम प्रसिद्ध केला. ताण आणि वाढ समप्रमाणात असतात, हा तो नियम. पाट्यालाही तो बऱ्याच अंशी लागू पडतो. आकडेमोडीसाठी एक उदाहरणाची गाडी घेऊ. (ही कुठल्या एका कंपनीची गाडी नव्हे.) पाट्याची लांबी १२० सें.मी., रुंदी ७ सें.मी., प्रत्येक पट्टीची जाडी ८ मि.मी. आणि पट्ट्या पाच. अशा चळतीच्या कडकपणाचे सूत्र असे आहे:

कडकपणा = (८ × यंगचा गुणांक × पट्ट्यांची संख्या × रुंदी × जाडीचा घन) ÷ (३ × लांबीचा घन)

पोलादाचा यंगचा गुणांक २०० गिगापास्कल धरला तर उत्तर येते दर मिलिमीटरला सुमारे ५५ न्यूटन. दोन्ही बाजू मिळून ११०. याचा अर्थ मागच्या पाट्यांवर १००० कि.ग्रॅ. वजन, म्हणजे ९८०० न्यूटन बल आले, तर गाडी सुमारे ८९ मि.मी., ढोबळमानाने ९ सें.मी. खाली बसेल. म्हणजे पाटे ही गाडीला कायमची जोडलेली ताणकाट्याचीच एक तऱ्हा आहे. मागून बसलेली गाडी पाहणाऱ्याला आपल्यावरचे वजन सांगत असते.

आता मालकाने प्रत्येक बाजूला तसलेच आणखी दोन पाटे टाकले. पाचाचे सात झाले. कडकपणा पट्ट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो ११० वरून १५४ झाला. या गाडीत मागे १४०० कि.ग्रॅ. भरले तर ती किती बसेल? १३,७२० भागिले १५४, म्हणजे पुन्हा ८९ मि.मी. पूर्वी १००० किलोला जेवढी बसत होती, तेवढीच आता १४०० किलोला बसते. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. ४०० किलो कुठेही गेलेले नाहीत. काट्याच्या पट्टीवरचे आकडे तेवढे बदलले आहेत.

ते चारशे किलो कोण पेलते?

पाट्यावर आलेले वजन पाट्यात थांबत नाही. ते एक्सलमध्ये, एक्सलमधून चाकाच्या बेअरिंगमध्ये, तिथून रिममध्ये, टायरमध्ये आणि शेवटी रस्त्यावर उतरते. वरच्या बाजूला तेच वजन चासीच्या तुळयांनी पेललेले असते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी असते. एक कडी जाड केल्याने साखळी बळकट होत नाही.

टायरचेच पाहा. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा छापलेला असतो. तो भारांक. १०० या भारांकाचा टायर ८०० कि.ग्रॅ. आणि १०२ या भारांकाचा टायर ८५० कि.ग्रॅ. पेलतो. (दोन आकडे तिरप्या रेघेने लिहिले असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकांसाठी असतो.) आपल्या गाडीत रिकामी असताना पाट्यांवर मागच्या भागाचे ५०० किलो, त्यावर १००० किलो माल आणि खुद्द एक्सल व चाकांचे २०० किलो असे १७०० किलो धरले, तर प्रत्येक टायरवर ८५० किलो येतात. १०२ भारांकाचा टायर आपल्या हद्दीवर आहे. सात पाटे टाकून ४०० किलो जास्त भरले की त्याच टायरवर १०५० किलो, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ सव्वापट वजन पडते. असा टायर जमिनीवर अधिक दबतो, प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजूच्या भिंती अधिक वाकतात आणि तापतात. उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटण्यामागे जादा वजन आणि कमी हवा ही जोडी नेहमीची असते.

ब्रेकचेही तसेच. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणाऱ्या ३ टन गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ४.२ लाख ज्यूल असते. गाडी साडेतीन टनांची झाली की ती ४.९ लाख होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन जिरायची असते. त्यात पाट्यांची काहीच मदत होत नाही. कसारा किंवा माळशेज घाट उतरताना याचा विचार आवश्यक आहे.

फसलेला व्हॉल्व्ह

ब्रेकच्या संदर्भात आणखी एक बाब आहे. ती गॅरेजमध्ये क्वचितच बोलली जाते, पण माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे.

रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन फार कमी असते. जोरात ब्रेक दाबला तर ती चाके जागीच थांबून घसरतील आणि गाडी आडवी फिरेल. म्हणून रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकला तेलाचा दाब कमी द्यायचा आणि भरलेल्या गाडीत पूर्ण द्यायचा, अशी सोय असावी लागते. अनेक पिकअप गाड्यांत हे काम चासीवर बसवलेला एक लहान व्हॉल्व्ह करतो. त्याच्यापासून निघालेला दांडा एक्सलला जोडलेला असतो. गाडीत माल भरला की चासी खाली येते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागचा दाब वाढू देतो. थोडक्यात, व्हॉल्व्हला वजन कळत नाही. त्याला फक्त चासी आणि एक्सल यांमधले अंतर कळते आणि त्यावरून तो वजनाचा अंदाज करतो.

आता एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये साडेसात सें.मी. उंचीचा ठोकळा बसवला असे समजा. १००० किलो भरल्यावर गाडी ९ सें.मी. बसली, पण मूळ उंचीच्या हिशेबाने फक्त दीड सें.मी. खाली आली. व्हॉल्व्ह समजतो की गाडीत सुमारे दीडशे किलोच माल आहे. तो मागच्या ब्रेकचा दाब रोखून धरतो. सर्वाधिक वजन मागच्या चाकांवर असताना तिथलाच ब्रेक अर्धवट लागतो, पुढच्या ब्रेकवर जादा ताण येतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. रिकाम्या गाडीत हा दोष मुळीच जाणवत नाही. म्हणून गॅरेजच्या बाहेर मारलेल्या चाचणीच्या फेरीत सगळे ठीक वाटते.

उंची बदलल्यावर या दांड्याची जुळणी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे पुन्हा करून घ्यावी लागते. काही गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चाकांच्या वेगावरून करते. तिथे हा दांडा नसतो.

कोणता भाग काय करतो?

ठोकळा: फक्त उंची वाढवतो. पाट्याचा कडकपणा होता तेवढाच राहतो. उलट एक नवा प्रश्न उभा राहतो. ब्रेक दाबल्यावर रस्ता टायरला मागे ढकलतो आणि ते बल एक्सलला पिळू पाहते. हा पीळ पाट्यालाच सोसावा लागतो. बल ६००० न्यूटन आणि पाटा जमिनीपासून ४० सें.मी. वर असेल, तर आघूर्ण २४०० न्यूटन-मीटर होते. १० सें.मी.च्या ठोकळ्याने पाटा ५० सें.मी. वर गेला की ते ३००० होते. पाटा इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वाकतो आणि चाक थरथरते. ठोकळ्यावर ठोकळा चढवणे तर धोक्याचेच. पुढच्या एक्सलखाली ठोकळा कधीही वापरू नये, कारण ब्रेकचा मोठा भार आणि स्टिअरिंग दोन्ही तिथेच असतात.

लांब शॅकल: हाही फक्त उंचीचा उपाय. पाट्याचे एकच टोक खाली जाते आणि एक्सल मध्यावर असतो, म्हणून शॅकल ६ सें.मी. लांबवली तर गाडी सुमारे ३ सें.मी.च उचलली जाते. शिवाय एक्सलचा कोन बदलतो.

जादा पाटे: कडकपणा वाढतो आणि भरलेल्या गाडीची उंचीही काहीशी वाढते. मात्र पाचाला एक जोडला तर १००० किलोला ९ ऐवजी साडेसात सें.मी. बसेल, एवढाच फरक. घाई करून जाड पाटा टाकणे चुकीचे. ८ मि.मी.च्या चळतीत १० मि.मी.चा एक पाटा टाकला तर तो एकटाच जवळजवळ दोन पाट्यांचे वजन उचलतो, त्याच्यावरचे प्रतिबल सव्वापट असते आणि तो आधी तुटतो.

हेल्पर पाटा: हा जवळजवळ सपाट असतो. गाडी रिकामी असताना तो मोकळा राहतो आणि ठरावीक वजनानंतरच टेकतो. वजन आणि घसरण यांचा आलेख काढला तर रेषेला एका ठिकाणी कोपरा येतो. त्यापुढे गाडी कडक होते. रिकामेपणी मऊ आणि भरल्यावर कडक, असा दुहेरी फायदा यात आहे.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणे: वर्षानुवर्षे वाकून पोलाद थकते आणि कमान उतरते. ती पुन्हा आणता येते, पण थंड अवस्थेत ठोकून किंवा भट्टीत तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा बेताने तापवून. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी लाल करून वाकवलेल्या पाट्यात ही प्रक्रिया पूर्ण होत नाही. मूळचा लवचीकपणा जातो आणि पाटा तरी बसतो किंवा तुटतो. पाट्याला वेल्डिंग करणे तर सर्वथा वर्ज्य.

हवेच्या पिशव्या: चासी आणि एक्सल यांमध्ये रबरी पिशव्या बसवून हव्या तेवढ्या दाबाने हवा भरायची. रोज वेगळे वजन असेल तर सोयीचे. वजन मात्र शेवटी त्याच एक्सलवर आणि त्याच टायरवर पडते.

शॉक अॅब्सॉर्बर: याला गॅरेजमध्ये 'शॉकअप' म्हणतात. नाव काहीही असो, तो वजन उचलत नाही. पाट्याने साठवलेली ऊर्जा तो तेलात जिरवतो, म्हणजे हेलकावे थांबवतो. उंची वाढवली की त्याची लांबी पुरेशी आहे का आणि कडकपणा वाढवला की त्याची ताकद पुरेशी आहे का, हे पाहावे लागते.

पुढच्या चाकांना पिळाने काम करणारी सळई असेल, तर तिचा बोल्ट फिरवून पुढचा भाग उचलता येतो. तिथेही उंचीच बदलते. सळई मात्र तीच राहते.

उंचीची किंमत

वळणावर गाडी कलंडण्याचा धोका चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर अवलंबून असतो. चाकांमधले अंतर १.४ मीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य १ मीटर उंचीवर असेल, तर ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर कलंडण्याचा वेग ताशी सुमारे ५२ कि.मी. येतो. गाडी १० सें.मी.ने उचलली की तो ४९ होतो. फरक लहान वाटेल. पण माल वर रचून गुरुत्वमध्य १.४ मीटरवर नेला तर हाच वेग ताशी सुमारे ४४ वर उतरतो. प्रत्यक्षात पाटे आणि टायर एका बाजूला दबतात, त्यामुळे गाडी याहून कमी वेगालाच कलंडते. ज्या गाडीत माणसे मागे उभी असतात तिथे तर गुरुत्वमध्य उंचही असतो आणि हलताही.

दुसरी किंमत प्रॉपेलर शाफ्टला मोजावी लागते. शाफ्टच्या क्रॉसमधून फिरणे तिरकस कोनात पाठवले की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो. कोन ५ अंश असेल तर हा चढउतार ०.४ टक्के असतो. १० अंशांना तो १.५ टक्के होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर तो एकमेकांना खोडतो. उंची वाढवताना एक्सलचा कोन बिघडला की गाडीखालून गुरगुर ऐकू येते आणि क्रॉस लवकर झिजतो.

मग निवड कशी करावी?

पहिला प्रश्न पाट्याचा नसून वजनाचा आहे. भरलेली गाडी भुईकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडीचे आणि मग फक्त मागच्या चाकांचे वजन घ्यावे. ते नोंदणी प्रमाणपत्रातल्या एकूण वजनाशी आणि एक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहावे.

वजन मर्यादेबाहेर असेल तर कोणताही सुटा भाग उपयोगाचा नाही. फेऱ्या वाढवणे किंवा मोठी गाडी घेणे, हेच दोन मार्ग उरतात. वजन मर्यादेत असून गाडी मागून फार बसत असेल, तर प्रथम माल कुठे ठेवला आहे ते पाहावे. चाकांच्या जोड्यांमधले अंतर ३ मीटर आणि मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० सें.मी. पुढे असेल, तर १२०० किलोंपैकी १०८० मागे आणि १२० पुढे पडतात. तोच मध्य ३० सें.मी. मागे गेला की मागे १३२० पडतात आणि पुढची चाके १२० किलोंनी हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागते. माल योग्य जागी असूनही गाडी बसत असेल तर पाटे थकलेले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मूळ मापाचा नवा संच दोन्ही बाजूंना घालावा. गाडी रोजच मर्यादेइतकी भरत असेल तर त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने मान्य केलेला हेल्पर पाटा विचारात घ्यावा. काम झाल्यावर यू-बोल्ट नवे घालावेत, थोडे अंतर चालवून पुन्हा आवळावेत, ब्रेकच्या दांड्याची आणि हेडलाइटच्या झोताची जुळणी तपासावी.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जादा वजनासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. प्लॅस्टिकची ३० सें.मी.ची पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा, मध्यभागी दोऱ्याने डबा टांगा आणि त्यात एकेक नाणे टाकत किती वाकते ते मोजा. नंतर दोन, तीन पट्ट्या एकावर एक ठेवून तेच करा. आलेखाचा चढ संख्येच्या प्रमाणात बदलतो का?

२. त्याच पट्टीच्या मध्याखाली काही मिलिमीटर खाली दुसरी पट्टी आडवी धरून 'हेल्पर' तयार करा. आलेखात कोपरा कुठे येतो?

३. वारंवारतेच्या सूत्राने दाखवा की आपली उदाहरणाची गाडी रिकामी असताना (पाट्यांवर ५०० किलो) सेकंदाला सुमारे २.४ वेळा आणि भरल्यावर (१५०० किलो) सुमारे १.४ वेळा हेलकावते. सात पाटे टाकल्यावर रिकाम्या गाडीचे काय होईल? रिकामी पिकअप खड्ड्यांतून उड्या का मारते, याचे उत्तर त्यात सापडेल.

४. गावातल्या उभ्या पिकअपच्या टायरवरचा भारांक टिपून आणा. त्यावरून मागच्या दोन टायरांची एकूण क्षमता काढा आणि पाटे कितीही असले तरी ती बदलते का, यावर चर्चा करा.

आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी अशी गाडी असते. शाळा सुटल्यावर काही जण तिच्या हौद्यात बसूनच घरी जातात. हूकचा नियम त्यांनी परीक्षेत लिहिला तर दोन गुण मिळतील. गाडी सपाट उभी आहे म्हणजे ती हलकी झालेली नाही, हे त्यांनी घरी समजावून सांगितले, तर त्या नियमाचा खरा उपयोग होईल.